गोष्टीची पिशवी: बालवर्गातलं पुस्तक घरी कसं पाठवावं

मी पहिल्यांदा मुलांबरोबर गोष्टीचं पुस्तक घरी पाठवलं, तेव्हा सोबत कागदाचा मुकुट करून आणायला सांगितला होता. सोमवारी वर्गात काय एकेक मुकुट आले! सोनेरी कडा, चिकटवलेल्या टिकल्या, मोजून कापलेली टोकं. पाच वर्षांच्या हातात कात्री अशी चालत नाही. एका मुलीला विचारलं, तर तिने सरळ सांगून टाकलं, "आईने केला. मी झोपले होते." गोष्ट कशाची होती, ते मात्र तिला आठवेना.

तेव्हापासून पिशवी (तिच्यात पुस्तक, घरच्यांसाठी चिठ्ठी, एक उपक्रम आणि वही असते) भरण्याआधी मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: घरी जे होईल, त्याचं सोमवारी वर्गात मी काय करणार आहे? उत्तर सापडलं नाही, तर तो उपक्रम म्हणजे पालकांना दिलेला गृहपाठ. तो बाद.

आधी वर्गात वाचा, मग घरी पाठवा

पुस्तक दहा मिनिटांत वाचून होणारं हवं. वर्गात ते दोन-तीनदा वाचून झालेलं असावं. मुलांना तीच गोष्ट पुन्हा ऐकायचा कंटाळा येत नाही, तो आपल्याला येतो. ओळखीची गोष्ट घरी गेली की मूलच सांगणारं होतं आणि मोठी माणसं ऐकणारी. ज्या घरात कुणाला वाचता येत नाही, तिथे तर याचा फारच उपयोग होतो. दर पाच पुस्तकांत एखादं शब्दांशिवायचं, नुसत्या चित्रांचं ठेवा.

चिठ्ठी चार ओळींची

ही दिवसभर दमून आलेल्या माणसासाठी आहे, हे लक्षात ठेवून लिहा. उद्देश, कौशल्यं, विकासाचे टप्पे वगैरे काही नको. घरी बोलली जाते त्या भाषेत, मोठ्या अक्षरांत लिहा. शक्य असेल तर तोच मजकूर फोनवर बोलून पाठवा.

चिठ्ठीत दोन प्रश्न जरूर असावेत, पण "हा रंग कोणता?" अशा परीक्षेतल्या थाटाचे नकोत. "आता काय होईल असं तुला वाटतं?", "तू तिथे असतीस तर?" असे असावेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना वाचताना असेच मोकळे प्रश्न विचारायला आणि मुलाच्या उत्तरात थोडी भर घालायला शिकवलं होतं. महिनाभरात ती मुलं बोलण्यात नेहमीच्या पद्धतीने वाचून दाखवलेल्या मुलांच्या पुढे गेली. आपली मुलं थोडी मोठी आहेत, पण प्रश्न विचारायची रीत तीच.

उपक्रम घरातल्या वस्तूंचा

समजा, गोष्ट हरवलेल्या मोज्याची आहे. मग घरातले सगळे मोजे एका ठिकाणी आणायचे, जोड्या लावायच्या आणि एकटे किती उरले ते मोजायचं. कात्री नको, गोंद नको, बाजारातून काही आणायला नको. यात जुळवणं आहे, मोजणं आहे आणि हसणंही आहे. शिवाय आईला हे रात्री एकटीने करून ठेवता येत नाही! वर्गात परत येणार तो फक्त एक आकडा आणि वहीतलं एक चित्र.

वही पिशवीबरोबर घरोघर फिरते. मूल चित्र काढेल आणि त्याने सांगितलेलं वाक्य मोठं माणूस खाली लिहील. पहिलं पान तुम्ही स्वतः भरून दाखवा. कोरी वही हातात पडली की मोठी माणसं बिचकतात.

पिशव्या, मोजदाद आणि हरवाहरवी

वीस मुलांना चोवीस पिशव्या लागतात, कारण काही उशिरा येतात आणि काही शिवायला जातात. आत काय काय आहे त्याची यादी झाकणावर चिकटवा. बाहुल्या, मणी असं काही घालणार असाल, तर घरी तीन वर्षांखालचं भावंड असू शकतं हे विसरू नका. सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळीत मावेल अशी वस्तू त्याच्या घशात अडकू शकते, ती घालूच नका.

शुक्रवारी पिशवी द्या, सोमवारी घ्या. सोमवारी राहिली तर बुधवारपर्यंत वाट बघा. पुस्तक फाटलं, हरवलं तर दंड लावू नका. एकदा दंड बसला की घरचे पुस्तक कपाटात वर ठेवून देतात, मग ते सुरक्षित राहतं आणि कुणी वाचत नाही. एखाद्याची पिशवी दोनदा आली नाही, तर त्याला वर्गातच कुणा मोठ्याबरोबर वाचायला बसवा आणि पुढची पिशवी न विसरता द्या.

परत आल्यावर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, निदान पंधरा मिनिटं. फळ्यावर एकट्या मोज्यांचा तक्ता काढा. प्रत्येक मूल येऊन आपल्या घरच्या आकड्याइतके चौकोन रंगवेल. कुणाच्या घरी सर्वात जास्त, यावर भांडण होणार, होऊ द्या. मग दोन-तीन वह्या वाचा, सगळ्या एका दिवशी नकोत. वाक्य लिहिलंय तसंच वाचा, शुद्ध करू नका. "मोजा कॉटखाली गेलता, आजीने काठीने काढला" असं असेल, तर वर्गातही मोजा गेलताच.