ग्रासकटरच्या इंजिनात शिरणारी चोरटी हवा कशी बंद करावी

पावसाळा ओसरला की कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांमध्ये ग्रासकटरची घरघर सुरू होते. गेल्या हंगामात ठीक चाललेलं मशीन नेमकं तेव्हाच कुरकुर करू लागतं. रेस सोडली तरी इंजिन लगेच खाली येत नाही, आयडलिंगला वर-खाली होतं, मशीन आडवं धरलं की आपोआप रेस वाढते, पातं थांबता थांबत नाही. गरम झाल्यावर तर आणखी बिघडतं. अशा वेळी बहुतेक जण कार्बोरेटरचे स्क्रू पिळायला घेतात. बिघाड बऱ्याचदा तिथे नसतोच. कार्बोरेटर आणि पिस्टन यांच्यामधल्या एखाद्या फटीतून इंजिन जादा हवा ओढत असतं.

ग्रासकटरच्या टू-स्ट्रोक इंजिनात ही हवा महाग पडते. इंजिनाला वेगळं ऑइल नसतं, पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलवरच पिस्टन आणि बेअरिंग जगतात. जादा हवा आली की मिश्रण पातळ होतं, म्हणजे ऑइलही कमी पोचतं आणि उष्णताही वाढते. पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे पडतात आणि एक दिवस इंजिन जाम होतं. म्हणून वरची लक्षणं दिसली की ‘एवढं गवत काढून घेऊ आणि मग बघू’ असं करू नये.

इथली मापं ४३ आणि ५२ सीसीच्या सर्रास मिळणाऱ्या ग्रासकटरसाठी आहेत. फवारणी पंप किंवा चेनसॉ असला तरी पद्धत तीच.

आधी सोपे संशयित तपासा. पेट्रोलच्या नळीला टाकीच्या तोंडाशी तडा गेला असेल तर हवा पेट्रोलमध्येच मिसळते आणि लक्षणं जवळपास सारखीच दिसतात. प्रायमरचा फुगा दहा-बारा वेळा दाबा. तरीही बुडबुडे येत राहिले, तर आधी नळी आणि टाकीतला फिल्टर बदला. मग प्लग काढून बघा. कॉफीसारखा तपकिरी रंग चांगला, पांढरट पडला असेल तर मिश्रण पातळ आहे.

आता फटीची जागा. पातं काढून ठेवा, इंजिन आयडलिंगला ठेवा आणि सुई नसलेल्या सिरिंजने टू-स्ट्रोक ऑइलचे थेंब कार्बोरेटर व सिलिंडरमधल्या सांध्यांवर सोडा. ऑइलने फट क्षणभर बुजते आणि इंजिनाचा आवाज बदलतो. आवाज बदलला ती जागा दोषी. या कामाला पेट्रोल किंवा कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे वापरणारे पुष्कळ आहेत, पण तापलेल्या सायलेन्सरपासून चार बोटांवर तो फवारणं म्हणजे आगीला आमंत्रण. ऑइलने काम होतं.

सांधा उघडण्याआधी इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, टाकी रिकामी करा आणि प्लगची टोपी काढून बाजूला बांधून ठेवा. एअर फिल्टर काढला की कार्बोरेटरमधून आरपार गेलेले दोन एम-५ बोल्ट दिसतात. त्यांना ४ मिमीची एलन की लागते. बोल्ट हातानेच फिरले तर रोग तिथेच सापडला. पेट्रोल आत नेणारी आणि परत टाकीत सोडणारी, अशा दोन नळ्या असतात. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

कार्बोरेटरच्या मागे काळा इन्सुलेटर असतो, सिलिंडरची उष्णता कार्बोरेटरपर्यंत जाऊ न देणारा ठोकळा. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅकिंग असतं. निम्म्याहून अधिक वेळा दोष या दोन पॅकिंगमध्ये किंवा वाकलेल्या ठोकळ्यात सापडतो. ठोकळा वाकतो तो बोल्ट जास्त आवळल्यामुळे. जुन्या पॅकिंगचे तुकडे प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. चाकू नको, ॲल्युमिनियमवर चर पडली की तीच नवी फट. सिलिंडरचं तोंड कापडाने बुजवून ठेवा, आत पडलेला कण थेट क्रँकच्या बेअरिंगमध्ये जातो.

जाड काचेवर ठोकळा ठेवून कडेने ०.०५ मिमीचं फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवून पाहा. सरकलं तर काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्याने ओला करून चिकटवा आणि ठोकळा मराठी आठाच्या नव्हे, इंग्रजी आठाच्या आकारात हलक्या हाताने फिरवा. पूर्ण पृष्ठभागावर सारखी घासणी दिसली की थांबा. तडा गेला असेल किंवा वितळला असेल तर घासत बसू नका, नवा घ्या.

पॅकिंग तयार मिळतं, तेच उत्तम. मिळालं नाही तर ०.५ ते ०.८ मिमी जाडीच्या, पेट्रोलला टिकणाऱ्या पॅकिंग शीटमधून कापता येतं. ठोकळ्याला ग्रीसचं बोट लावून शीटवर ठसा घ्या, छिद्रं पोकळ पंचाने पाडा. मधल्या मोठ्या छिद्राशेजारी बऱ्याच मॉडेलांत एक बारीक छिद्र असतं. क्रँककेसमधला, म्हणजे पिस्टनखालच्या पेटीतला, दाब त्यातूनच कार्बोरेटरच्या पडद्याला हलवतो आणि पेट्रोल खेचलं जातं. पॅकिंग उलटं बसलं किंवा हे छिद्र पाडायचं राहिलं, तर इंजिन दोन मिनिटं चालून बंद पडेल आणि तुम्ही प्लग बदलत बसाल.

सिलिकॉन लावायचा मोह इथेच होतो. साधं सिलिकॉन पेट्रोलने फुगतं आणि सुटतं. सुटलेला तुकडा एकतर त्या बारीक छिद्रात अडकतो किंवा इंजिनात जातो. बाहेरून एपॉक्सी पुट्टी थापणं तर त्याहून वाईट, कारण पुढच्या वेळी सांधा उघडतच नाही. पृष्ठभाग सपाट असला तर कोरडं पॅकिंग पुरतं.

बोल्ट एकाआड एक, पाव-पाव फेरीने आवळा. ४ ते ५ न्यूटन-मीटर पुरे, म्हणजे एलन कीचा आखूड पाय धरून मनगटाच्या जोराने. सिलिंडरचे आटे ॲल्युमिनियमचे असतात, एकदा गेले की हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवावी लागते. आट्यांवर निळ्या थ्रेडलॉकरचा (बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एक थेंब चालेल. तो प्लास्टिकला लागू देऊ नका, त्याने काही प्लास्टिक तडकतं.

एवढं करूनही लक्षणं गेली नाहीत तर हवा खालून येते आहे आणि आता दाबाची चाचणी हवी. महाग साधन लागत नाही. रक्तदाबाच्या यंत्राचा फुगा आणि काटेवालं मीटर घ्या, माशांच्या टाकीसाठी मिळणाऱ्या टी-जोडणीने दोन्ही एका नळीला जोडा. बाईकच्या जुन्या ट्यूबमधून व्हॉल्व्हभोवतीचं रबर कापा आणि व्हॉल्व्हची आतली पिन काढून टाका. ३ मिमी जाड पट्टीला छिद्र पाडून व्हॉल्व्ह त्यातून बाहेर काढा आणि कार्बोरेटरच्या जागी ही पट्टी ठोकळ्यावर आवळा. रबर स्वतःच पॅकिंगचं काम करतं. सायलेन्सर काढून सिलिंडरच्या त्या बाजूच्या तोंडावर असाच रबराचा तुकडा आणि पट्टी बसवा. प्लग घट्ट हवा. पिस्टन वरच्या टोकाला आणा, त्या स्थितीत हवेचा मार्ग क्रँककेसकडे उघडा असतो.

मीटर २५० ते ३०० पर्यंत नेऊन थांबा, हा साधारण ५ ते ६ पीएसआय दाब झाला. त्याहून जास्त दिल्यास चांगलं सीलही उचलतं. अर्ध्या मिनिटात काटा थोडा उतरला तर चालेल, पाच-सात सेकंदांत निम्म्यावर आला तर गळती नक्की. साबणाचं पाणी ब्रशने लावत जा: ठोकळ्याचा सांधा, सिलिंडरचा तळ, क्रँककेसच्या दोन अर्ध्यांचा जोड, आणि शेवटी फ्लायव्हील व क्लचमागची दोन ऑइल सील. सील दिसायला हे दोन्ही भाग काढावे लागतात. ते सोडवताना क्रँक अडवायची असते. त्यासाठी पिस्टन जवळपास वर आणून प्लगच्या छिद्रातून जाड दोरी आत भरा. पिस्टन खाली असताना भरली तर दोरी पोर्टमध्ये शिरून चिरडते.

ऑइल सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे छापलेले असतात. त्यांवरूनच नवं घ्या. जुनं सील काढताना शाफ्टला स्क्रूड्रायव्हर लागू देऊ नका. नव्याच्या ओठाला ग्रीस लावा, स्प्रिंगची बाजू क्रँककेसकडे ठेवा आणि बाहेरच्या व्यासाएवढ्या सॉकेटने सरळ ठोका. एक बदललं की दुसरंही बदला, दोन्हींचं वय सारखंच असतं.

जोडणी झाल्यावर चाचणी पुन्हा घ्या आणि मगच कार्बोरेटर बसवा. पेट्रोलमध्ये ऑइल पुस्तिकेत लिहिलं असेल तसंच घाला. २५:१ असेल तर लिटरला ४० मिली, ५०:१ असेल तर २० मिली. तीन मिनिटं गरम करून आयडलिंग मिनिटाला साधारण ३,००० फेऱ्यांवर लावा. पातं बसवल्यावर रेस सोडताच ते थांबलं पाहिजे आणि मशीन डावी-उजवीकडे कलवल्यावर आवाजात फरक पडता कामा नये. पहिली टाकी संपल्यावर कार्बोरेटरचे दोन बोल्ट इंजिन थंड असताना एकदा तपासा, नवं पॅकिंग दबल्यावर ते किंचित सैल होतात.