औषध बुरशीला लागतच नाही? आधी तिची भिंत बघा

द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर वीस-पंचवीस दिवस झाले की असा फोन हमखास येतो. "साहेब, तीन फवारे झाले, औषध भारीतलं आणलं, तरी डाऊनी (केवडा) हटत नाही." काय मारलं म्हणून विचारावं, तर हेक्झाकोनॅझोलचं नाव निघतं. औषध बनावट नसतं, पंपही ठीक असतो. ते औषध ज्या भुरी रोगासाठी आहे, तो रोगच बागेत नसतो.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळाचा पाऊस झाला, तेव्हा मी सल्ल्याच्या धंद्यात नवखा होतो. एका बागेत पानांवर पांढरट दिसलं आणि भुरी समजून मी औषध लिहून दिलं. पान उलटून बघायचे कष्ट घेतले नाहीत. आठवड्याभरात घड तपकिरी पडून गळायला लागले. बागायतदार मला एका शब्दानं बोलले नाहीत, फक्त पुढच्या हंगामात त्यांचा फोन आला नाही.

त्यानंतर बुरशीच्या पेशीभित्तिकेचं प्रकरण पुन्हा उघडून वाचलं. कॉलेजात ते पाच मार्कांसाठी पाठ केलं होतं.

कोकणातली जुनी कुडाची भिंत डोळ्यांसमोर आणा. आत कारवीच्या काठ्या, त्यावर मातीचं लिंपण, वरून शेणाचं सारवण. बुरशीच्या पेशीभोवतीची भिंतही अशीच थराथरांची असते. काठ्यांच्या जागी कायटिन, म्हणजे खेकड्याच्या कवचात आणि कोळंबीच्या सालीत असतं तेच. लिंपणाच्या जागी ग्लुकान, म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या. सारवणाच्या जागी मॅनोज साखर चिकटलेली प्रथिनं. तंतूंच्या बुरशीत कायटिन साधारण १० ते २० टक्के भरतं, यीस्टमध्ये १-२ टक्केच. कायटिनचा शोध लागला तोसुद्धा किड्यांत नाही, अळंबीत. फ्रान्समधल्या आंरी ब्राकोनो यांनी १८११ मध्ये ते वेगळं काढलं.

ही भिंत पेशीला आकार देते, आतला दाब पेलते आणि पिकाच्या नजरेपासून बुरशीला लपवते. लपवण्याचं काम सगळ्यात महत्त्वाचं, कारण पिकाला कायटिन ओळखता येतं. भाताच्या पेशीवर कायटिनचे तुकडे पकडणारं प्रथिन असतं. तुकडा हाती लागला की झाड सावध होतं आणि भिंत कुरतडणारी विकरं (एन्झाइम) सोडतं.

चूक पहिली: केवडा आणि भुरीला एकाच पारड्यात तोलणं

भुरी खरी बुरशी आहे. तिची भिंत कायटिन-ग्लुकानची, आणि भिंतीच्या आतल्या पडद्यात एर्गोस्टेरॉल नावाचा घटक. ट्रायझोल गटातली औषधं (हेक्झाकोनॅझोल, मायक्लोब्युटॅनील वगैरे) हे एर्गोस्टेरॉल बनू देत नाहीत, म्हणून भुरीवर चालतात.

केवडा, म्हणजे डाऊनी, घडवणारा प्लाझ्मोपॅरा विटिकोला खऱ्या बुरशीत मोडतच नाही. त्याचं गोत्र पाण्यातल्या शेवाळांच्या जवळचं, शास्त्रात त्याला ऊमायसीट म्हणतात. त्याची भिंत मुख्यतः ग्लुकान आणि सेल्युलोजची. सेल्युलोज म्हणजे कापसाच्या बोंडात आणि झाडाच्या स्वतःच्या भिंतीत असतं तेच. कायटिन जवळजवळ नाही. एर्गोस्टेरॉल तो बनवतच नाही, मग ते बनणं थांबवणारं औषध त्याचं काय वाकडं करणार? १८४५ मध्ये आयर्लंडचा बटाटा कुजवून दुष्काळ आणणारा फायटोफ्थोरा याच घराण्यातला, त्यामुळे बटाटा-टोमॅटोच्या उशिरा येणाऱ्या करप्यालाही हाच नियम लागू.

ओळखायचं कसं? सकाळी दव असताना बागेत जा. पानाच्या वरच्या बाजूला तेल सांडल्यासारखा पिवळट डाग आणि बरोबर त्याच्याच खाली, पानाच्या पाठीवर, पांढरी लव असेल तर केवडा. राखेसारखी भुकटी वरच्या बाजूला असेल आणि अंगठ्यानं पुसली जात असेल तर भुरी. तेलकट डाग दिसतोय पण लव नाही, अशा वेळी घाई करू नका. ते पान ओल्या टिश्यूपेपरबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर कपाटात, अंधारात ठेवा. केवड्याला बीजाणू बाहेर काढायला ओल आणि काही तासांचा अंधार लागतो. तो असेल तर सकाळी पाठीवर कापसासारखी लव उभी राहिलेली दिसते. ही पिशवीची परीक्षा मी आता प्रत्येकाला करायला लावतो. फोटोवर सल्ला मागणाऱ्यांना तर आधी हेच सांगतो.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत झिंक क्लोराइड-आयोडीनच्या द्रावणात ऊमायसीटची भिंत जांभळट होताना बघायला मिळते. विद्यार्थ्यांनी एक ध्यानात ठेवावं. पानाच्या पेशींच्या भिंतीतही सेल्युलोज आहे, तीही रंगते. कॅल्कोफ्लोर या चमकत्या रंगानं रंगवाल तर काचपट्टीवरचा कापसाचा धागासुद्धा चमकतो. आमच्या वर्गात एकानं असा धागा बुरशीचा तंतू म्हणून वहीत अगदी सुबक काढला होता.

चूक दुसरी: केवड्याचं बरोबर औषध, पण भलत्या वेळी

केवड्याची एक गंमत आहे. पानावर पाणी साचलं की त्याच्या बीजाणुपिशवीतून दोन शेपट्यांचे पोहणारे बीजाणू सुटतात. या पोहणाऱ्या अवस्थेत त्यांना भिंतच नसते. ते पोहत पर्णरंध्रापाशी येतात, शेपट्या टाकतात आणि तिथं बसून स्वतःभोवती भिंत बांधतात. मग अंकुर काढून रंध्रातून आत शिरतात.

डायमेथोमॉर्फ, मँडीप्रोपामिड ही औषधं या भिंतीच्या बांधकामावरच घाव घालतात. मँडीप्रोपामिड तर सेल्युलोज विणणारं विकरच बंद पाडतं. म्हणजे गवंडी कामाला लागण्याआधी औषध पानावर हजर पाहिजे. पोहणाऱ्या बीजाणूंना त्याची फारशी फिकीर नाही, कारण पाडायला भिंत नाही. त्यांना उघड्यावर गाठायचं तर बोर्डो मिश्रणासारखं ताम्रयुक्त औषध पानावर आधीपासून असावं लागतं. घडावर लव आल्यावर मारलेला फवारा पुढचा प्रसार थोपवतो, जळालेले मणी हिरवे करत नाही.

बुरशीनाशकांचे गट ती कुठं घाव घालतात त्यावरून पाडलेले असतात; गट ४० असा उल्लेख असलेली औषधं एकाच कुळातली. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, घाव एकाच जागी. आलटून पालटून डायमेथोमॉर्फ आणि मँडीप्रोपामिड मारणं म्हणजे औषध बदलणं नाही. सेल्युलोज विणणाऱ्या विकरात एका ठिकाणचं एक अमिनो आम्ल बदललं की केवडा या गटाला जुमानेसा होतो, आणि युरोपातल्या द्राक्षबागांत असं झालेलं आहे. त्यामुळे गट बदला, सोबत स्पर्शजन्य औषधाची जोड द्या. निर्यातीचा माल असेल तर मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या ‘अ‍ॅनेक्श्चर ५’ यादीत औषध आणि काढणीपूर्व दिवस तपासल्याशिवाय टाकीत काही ओतू नका.

चूक तिसरी: भाताचं पान करपल्यावर ट्रायसायक्लॅझोल

मावळ, इगतपुरीपासून खाली कोकणापर्यंत भाताच्या करप्यावर ट्रायसायक्लॅझोल हे तोंडपाठ नाव. पण ते बुरशीला मारत नाही हे फार थोड्यांना माहीत असतं. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत हे औषध घालून करप्याची बुरशी वाढवा, ती खुशाल वाढते. फक्त तिचा काळपट रंग जातो. मग शेतात काम कसं होतं?

करप्याचा बीजाणू पानावर चिकटतो, अंकुर काढतो आणि टोकाला एक घुमट बांधतो. घुमटाच्या भिंतीत आतून मेलॅनिनचा काळा थर बसतो. आत ग्लिसरॉल साठतं आणि पाणी ओढून घेतं. मेलॅनिनमुळे ग्लिसरॉल बाहेर झिरपत नाही, त्यामुळे दाब चढत राहतो. किती? सुमारे ८ मेगापास्कल, म्हणजे जवळपास ११५० पीएसआय. आपल्या एचटीपी पंपाचा काटा ३००-४०० वर असताना नळी हातात कशी उसळते ते आठवा. या दाबाच्या जोरावर घुमटाखालून खिळ्यासारखा तंतू पानाची कातडी फोडून आत घुसतो.

ट्रायसायक्लॅझोल मेलॅनिन बनू देत नाही. घुमट उभा राहतो पण गळका, दाब धरत नाही, खिळा ठोकला जात नाही. बीजाणू पडल्यापासून हा सगळा कारभार दिवसभरात उरकतो, आणि चातीसारखे, दोन्ही टोकांना निमुळते ठिपके आपल्याला चार-पाच दिवसांनी दिसतात. दिसतात तेव्हा त्या ठिपक्यांपुरता औषधाचा उपयोग संपलेला असतो. नव्या पानांचं रक्षण होतं, तेवढंच. म्हणून करप्याला पोषक ढगाळ, झिमझिम हवा असेल आणि वाण बळी पडणारं असेल तर ठिपक्यांची वाट बघू नये. लोंबीची मान वाचवायची तर पोटरीच्या अवस्थेतच फवारणीचं ठरवावं. आत शिरलेल्या रोगासाठी कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतलं आंतरप्रवाही औषध निवडा आणि युरियाचा हप्ता थांबवा. जादा नत्रावर करपा माजतो.

आत शिरल्यावरही ही बुरशी भिंतीचाच खेळ खेळते. कायटिनच्या काठ्यांवर ती अल्फा-ग्लुकानचा वेगळा थर चढवते. भाताकडे हा थर कापणारं विकर नाही, त्यामुळे आतलं कायटिन हाती लागत नाही आणि झाड गाफील राहतं. जपानी संशोधकांनी भातात जिवाणूचं असं विकर बनवणारा जनुक घातला, तेव्हा त्या भातानं करप्याला चांगली टक्कर दिली. २०१२ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं.

चूक चौथी: प्रत्येक औषध भिंत फोडतं असं मानणं

विक्रेते सर्रास असं सांगतात. खरं म्हणजे आपल्या कपाटातली बहुतेक औषधं भिंतीला हातही लावत नाहीत. ट्रायझोल पडद्याचा माल अडवतात, कार्बेन्डाझिम पेशीविभाजन रोखतं, स्ट्रोबिल्युरिन ऊर्जा तोडतात. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचं जुनं ऑरिओफंजिन एर्गोस्टेरॉलला चिकटून पडद्याला भोकं पाडणाऱ्यांपैकी. कायटिनच्या विणकामावर थेट घाव घालणारं म्हणून पॉलिऑक्सिनचं नाव घ्यावं लागेल, आणि ते केवड्यासाठी नाही हे आता सांगायला नको.

दवाखान्यातही हाच हिशेब. कॅस्पोफंजिन हे औषध बीटा-ग्लुकान विणू देत नाही, म्हणून कँडिडावर उत्तम चालतं. पण २०२१ मध्ये ज्या म्युकरनं आपल्याकडे हाहाकार उडवला त्याची भिंत कायटिन आणि कायटोसनवर (कायटिनचंच बदललेलं रूप) उभी, बीटा-ग्लुकान अगदी कमी. त्यामुळे तिथं डॉक्टरांना अँफोटेरिसिनच लागत होतं, आणि नातेवाईक त्याच्या इंजेक्शनसाठी गावोगाव फिरत होते. रक्तातल्या बीटा-ग्लुकानची तपासणीही म्युकरमध्ये सहसा नकारात्मकच येते, कारण जे भिंतीतच नाही ते रक्तात कुठून उतरणार.

जाता जाता, डाळिंबाचा तेल्या जिवाणूंचा आहे. त्यांच्या भिंतीचा कायटिनशी संबंधच नाही. त्यावर बुरशीनाशकांचे महागडे डोस ओतू नका.

चूक पाचवी: कायटोसनला बुरशीनाशक समजणं

कोळंबीच्या सालीपासून केलेलं कायटोसन बाटलीत मिळतं. त्याचा मुख्य उपयोग झाडाला हूल देण्याचा: ‘बुरशी आली’ असं वाटून झाड आपली तयारी करतं. ही तयारी रोगाआधी व्हायला हवी. केवड्यानं पेटलेल्या बागेत एकटं कायटोसन मारून आठ दिवस वाट बघणारे मी पाहिलेत.

चूक सहावी: ट्रायकोडर्मा आणि कार्बेन्डाझिम एकाच ड्रममध्ये

ट्रायकोडर्मा ही दुसऱ्या बुरशीची भिंत खाणारी बुरशी. ती हरभऱ्याच्या मर रोगाच्या फ्युजॅरियमभोवती वेटोळं घालते, कायटिन आणि ग्लुकान पचवणारी विकरं सोडते आणि भिंतीला भोक पाडून आतलं शोषते. पण ती स्वतःही बुरशीच, आणि कार्बेन्डाझिमला भलतीच नाजूक. दोन्ही एका ड्रममध्ये कालवली की आपणच आणलेला राखणदार आपल्याच हातानं मारला. तापलेल्या कोरड्या मातीत टाकलेली ट्रायकोडर्माही अशीच वाया जाते. पेरताना बियाण्याला किलोला ५ ग्रॅम चोळा किंवा कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून सावलीत काही दिवस वाढवून मग रानात टाका.

झाड माना टाकायला लागल्यावर मात्र ट्रायकोडर्माचं पाकीट फोडू नका. एक झाड उपटून खोड उभं चिरा. मधून तपकिरी-काळी रेघ दिसली तर फ्युजॅरियम पाणी वाहणाऱ्या नळ्यांत पोचलेलं आहे, तिथं ट्रायकोडर्माचा हात जात नाही. उपटलेली झाडं बांधावर टाकू नका, जाळा. फ्युजॅरियम जाड भिंतीचे बीजाणू मातीत सोडून जातं, आणि हरभरा न घेताही ते सहा वर्षं तरी तग धरतात. त्यामुळे एक-दोन वर्षांच्या फेरपालटानं ते रान साफ होत नाही. तिथं हरभरा करायचाच असेल तर राहुरीचे विजय किंवा दिग्विजय यांच्यासारखे मर सहन करणारे वाण घ्या, आणि बी चोळायचं घमेलं दरवेळी धुऊन घ्या, त्यात आधीच्या बुरशीनाशकाची पूड राहिलेली असते.