गोबर गॅस कुठल्या रकान्यात? मुलांना ऊर्जास्रोत समजावताना या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की जळगाव-धुळ्याकडच्या घराघरांत एक तक्ता तयार होतो. डावीकडे नवीकरणीय: सूर्य, वारा, पाणी. उजवीकडे अनवीकरणीय: कोळसा, पेट्रोल, डिझेल. तक्ता बरोबरच असतो. पण त्या पोराला नुसतं विचारा, "आजीच्या चुलीतली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची काडी, कुठे लिहिशील?" आणि गाडी अडते. कारण यादी पाठ झालेली असते, यादी कशावरून केली ते कुणी सांगितलेलं नसतं.

नाव बघून रकाना ठरवणं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. रकाना वस्तूच्या नावावर ठरत नाही. दोन प्रश्न विचारायचे: हे आलं कुठून? आणि आपण वापरतो त्या वेगाने ते परत तयार होतं का?

शेतातल्या गोबर गॅसमध्ये जळतो तो मुख्यतः मिथेन. रिक्षात भरतात त्या सीएनजीतही मिथेनच. वायू तोच, पण शेणातला मिथेन गोठ्यात जनावरं आहेत तोवर रोज तयार होणार, आणि सीएनजीतला बहुतेक मिथेन जमिनीखाली कोट्यवधी वर्षांपासून साठलेला. म्हणून एक डावीकडे, दुसरा उजवीकडे. मुलांना हे उदाहरण फार आवडतं, कारण यात मोठी माणसंही फसतात. तसंच पेट्रोलचं. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं असतं, आणि ते उसापासून, मक्यापासून, तांदळापासून करतात. मग बाबांच्या मोटरसायकलची टाकी कुठल्या रकान्यात? दोन्ही! एवढं मुलाने स्वतः सांगितलं तर समजा विषय डोक्यात शिरला.

आता पऱ्हाटी. कापूस वेचून झाला की उभी राहिलेली काडी दर वर्षी मिळते, आणि भरताची वांगी त्याच जाळावर भाजावीत यावर आपल्याकडे दुमत नाही. ती बिनधास्त नवीकरणीय. पण सातपुड्यातून तोडून आणलेलं सागाचं किंवा अंजनाचं लाकूड? झाड पुन्हा येतं, पण त्याला वर्षं लागतात. विहिरीला पाझर असतो म्हणून दिवसरात्र मोटर चालवली तर तळ दिसतोच, लाकडाचं तसंच आहे. त्यामुळे "लाकूड" एवढंच उत्तर अपुरं आहे. कुठलं लाकूड, किती वेगाने तोडलं, हे विचारायला हवं.

"वीज" हा स्रोत म्हणून लिहिणं

तक्त्यात डावीकडे "वीज" लिहिलेली कितीतरी वेळा दिसते. "धूर नाही ना, मग चांगली ऊर्जा," असा हिशेब. वीज ही ऊर्जा पोहोचवायची वाट आहे, ती कशापासून तरी बनवावी लागते. भुसावळजवळच्या दीपनगरला ती कोळशापासून बनते. १००० वॅटची इस्त्री तासभर चालली की एक युनिट जळतं, आणि कोळशावर एक युनिट करायला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. किराणा दुकानाच्या काट्यावर तेवढ्या वजनाचे दगड मोजून मुलाच्या हातात द्या. शाळेच्या गणवेशाची घडी कितीला पडते ते हाताला कळतं.

जाता जाता आणखी एक. रेल्वेतून दीपनगरचे डमरूसारखे रुंद मनोरे दिसले की मुलं ओरडतात, "केवढा धूर!" ती वाफ असते, पाणी थंड करताना निघणारी. धूर सोडणारी चिमणी वेगळी, उंच आणि बारीक. मात्र वाफ म्हटल्यावर "मग प्रदूषण नाहीच" असं सांगू नका. कोळसा जळताना निघणारा कार्बन डायऑक्साइड दिसतच नाही.

अनवीकरणीय म्हणजे डायनोसॉर

"पेट्रोल आणि कोळसा डायनोसॉरपासून झाले" हे मुलांना कार्टूनने शिकवलेलं असतं. कोळसा दलदलीत गाडल्या गेलेल्या वनस्पतींचा, आणि खनिज तेल मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म जिवांचं. चंद्रपूरकडचा कोळसा २५ कोटी वर्षांहून जुना आहे, म्हणजे डायनोसॉर यायच्या आधीचा. अजिंठ्याच्या डोंगरातला काळा खडक त्यामानाने पोरगेला, साडेसहा कोटी वर्षांचा.

आणि उजव्या रकान्यात सगळंच जळणारं नसतं. १९६९पासून चालू असलेल्या तारापूरच्या अणुवीज केंद्रात काही जळत नाही, धूर नाही. तरी युरेनियम जमिनीतून खणून काढावं लागतं आणि ते पुन्हा तयार होत नाही, म्हणून ते अनवीकरणीय.

नवीकरणीय म्हणजे कुणाचंच नुकसान नाही

हे वाक्य नंदुरबार जिल्ह्यातल्या मुलासमोर तरी उच्चारू नये. सरदार सरोवराच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के आहे, पाऊस पडतो तोवर नर्मदा वाहणार, रकाना डावाच. पण त्याच पाण्याखाली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या ३३ गावांची घरं-शेतं गेली. "परत भरून येतं का?" आणि "किंमत कोण मोजतं?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सहावी-सातवीची मुलं हा फरक छान समजतात. आपणच त्यांना गोड गोष्ट सांगत बसतो.

जेवढं ऊन कडक, तेवढी सौरवीज जास्त

ही चूक खास खानदेशी. मे महिन्यात पारा ४५ला टेकला की वाटतं, छतावरची पॅनल आता नोटा छापत असतील. पॅनलला हवा असतो उजेड. उष्णता त्याला बाधते. पॅनलवर छापलेले वॅट हे सेल २५ अंशांवर असतानाचे असतात. पुढे प्रत्येक अंशाला सुमारे ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते. भर उन्हाळ्यात सेलचं तापमान ६५ अंशांपर्यंत जाऊ शकतं, म्हणजे १२ ते १६ टक्के गळती इथेच झाली. वर धूळ बसते ती वेगळी. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे तो तिथे ऊन भरपूर आहे म्हणून. गरम होतं म्हणून नव्हे.

घरी पाहायचं असेल तर खेळण्यातलं छोटं पॅनल अर्धा तास उन्हात ठेवा, मल्टिमीटरवर व्होल्ट वाचा. मग ते जागेवरून न हलवता मागच्या बाजूला ओलं फडकं लावा. थोड्या वेळात आकडा वर सरकतो.

मॉडेल चालत नाही तेव्हा

सौर पंखा उन्हात फिरतो आणि वर्गात थांबतो, ही नेहमीची रड. मल्टिमीटर व्होल्ट दाखवतो, म्हणून मुलं मोटर बदलतात. मोटर चांगलीच असते. खोलीतला उजेड दुपारच्या उन्हाच्या एक टक्काही नसतो, त्यामुळे पॅनलमधून मोटर फिरवण्याइतका करंटच निघत नाही. प्रदर्शनात टेबल खिडकीपाशी, थेट ऊन येईल अशा जागी मागून घ्या.

पवनचक्कीचं पातं फिरतं पण एलईडी लागत नाही? आधी एलईडीच्या तारा उलट करून बघा, तो एकाच दिशेने चालतो. तरी नाही लागला तर पात्याला जोडलेली मोटर (इथे ती फिरली की वीज बनवते) पुरेशी वेगाने फिरत नाहीये. लाल एलईडीलाही पावणेदोन-दोन व्होल्ट लागतात आणि खेळण्यातली मोटर हळू फिरवली तर अर्धा व्होल्टही देत नाही. जुन्या प्रिंटरमधली मोटर बसवा किंवा मोठी-छोटी पुली जोडा. पाती सपाट असतील तर प्रत्येकीला थोडा पीळ द्या. (आणि वारा म्हणून टेबल फॅन लावला असेल, तर ती पवनचक्की बहुधा दीपनगरच्या कोळशावर चालली आहे, हे परीक्षक बोलायच्या आत आपणच बोलून टाकावं.)

राहिली लिंबाची बॅटरी. "लिंबापासून नवीकरणीय वीज" असा फलक दर वर्षी दिसतो आणि तो चूक आहे. ऊर्जा येते जस्तापासून, जस्त चढवलेल्या खिळ्यातून. लिंबाच्या जागी बटाटा ठेवा, मिठाचं पाणी ठेवा, तरी चालतं. खिळा काढून दोन्हीकडे तांब्याची तार लावा, लगेच बंद पडतं. काही दिवसांनी खिळा बाहेर काढून पाहिला तर तो खडबडीत, काळपट झालेला दिसतो, कारण त्याच्यावरचं जस्त विरघळलेलं असतं. प्रयोग जरूर करा, फलकावर मात्र "रासायनिक ऊर्जेचं विजेत रूपांतर" असं लिहा आणि तो खिळा शेजारी कागदावर चिकटवा.