गॅलरीत मांडा चिंचोक्यांचा डाव

मे महिन्यात गिरगावातल्या आमच्या चाळीतली पोरं दुपारभर माझ्या दारात असतात. मी निवृत्त विज्ञान-शिक्षिका. कॅरमवरून हातघाई झाली की मी हा डाव काढते: सगळ्यांसाठी किती टाकायचं आणि स्वतःपाशी किती राखायचं, याचा.

निदान ८० चिंचोके, तोंड आवळता येईल अशी कापडी पिशवी आणि लिमलेटच्या गोळ्या घ्या. दहा चिंचोक्यांना एक गोळी. गोळ्यांत काटकसर नको. बक्षीस नसलं की पोरं फुकटची उदार होतात आणि डाव फसतो.

चौघांना बसवा, प्रत्येकाला दहा चिंचोके. एकेकाने पिशवीत मूठ घालून हवे तेवढे टाकायचे, उरलेले खिशात. जमतील त्यांच्या दुप्पट करून तुम्ही चौघांत सारखे वाटा. सगळ्यांनी दहा टाकले तर प्रत्येकी वीस. तिघांनी दहा टाकले, एकाने काहीच नाही, तर वाट्याला पंधरा येतात आणि त्या शहाण्याकडे पंचवीस होतात! हे आधी सांगू नका. तीन-चार फेऱ्यांत कुणीतरी ओळखतंच, मग पिशवी हलकी होत जाते.

आता नात्याचा भाग. चार सख्खी भावंडं हल्ली मिळणार कुठून, म्हणून हे पाटीवर करा. उत्क्रांतीचा अभ्यासक विल्यम हॅमिल्टनने १९६४ मध्ये दाखवलं, की दुसऱ्याचा फायदा गुणिले नात्याचा अंश (नात्यामुळे जुळणारा आनुवंशिक वाटा) हा आपल्या तोट्याहून मोठा असेल, तर मदतीची वृत्ती पिढ्यान्‌पिढ्या पसरू शकते. सख्ख्यांत हा अंश १/२, चुलत-मावस भावंडांत १/८. एक चिंचोका टाकला की अर्धा आपल्याकडे परत येतो, म्हणजे तोटा अर्ध्याचा. बाकी तिघांचा मिळून फायदा दीडचा. सख्खी असतील तर दीडचा निम्मा पाऊण, अर्ध्याहून जास्त, टाका. चुलत असतील तर दीडचा आठवा भाग, पावसुद्धा नाही, हात आखडा.

इथे एखादी हुशार मुलगी विचारतेच, "बाई, सगळ्या माणसांचा डीएनए ९९.९ टक्के सारखाच ना?" तिला सांगा, हा अंश त्या सरसकट सारखेपणाचा नाही. एकाच आजी-आजोबांकडून, आई-वडिलांकडून आल्यामुळे जे जास्तीचं जुळतं, त्याचा आहे. आमच्याकडे सख्खे बहीणभाऊच एकमेकांना आधी गंडवतात, ते सोडा. चार पोरांच्या डावाने सिद्धांत मोडत नाही.

पुढच्या फेऱ्यांत पिशवी बाजूला ठेवा, चिंचोके उघड्यावर टाकू द्या. नवा नियम: आपला एक खर्चून दुसऱ्याचे तीन कापता येतील. अर्थशास्त्रज्ञ अर्न्स्ट फेर आणि सायमन गेख्टर यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हाच दर होता. तिथे दर फेरीला सोबती बदलत, म्हणजे दंड करणाऱ्याला पुढे लाभ शून्य. तरी लोक पदरमोड करून दंड करत आणि वर्गणी वाढत गेली. गणपतीची वर्गणी मागत जिने चढलेल्यांना हे नवं वाटणार नाही.

मग मॉनिटर नेमा. आधी तुम्हीच व्हा, खुर्ची टाकून बसा आणि "सगळे टाका" म्हणा. चार-पाच फेऱ्यांनी चहा टाकायला आत जा आणि तिथूनच हुकूम सोडा. मी आत गेले की ढीग खाली येतो. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रामच्या प्रयोगात लोकांना दुसऱ्या माणसाला विजेचे वाढते झटके द्यायला सांगत; हुकूम देणारा खोलीत असताना ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेले होते (झटके खोटे होते, त्यांना ते ठाऊक नव्हतं). हुकूम फोनवरून आले, तेव्हा पाचातला जेमतेम एक गेला.

शेवटी मॉनिटर पोरांनाच निवडू द्या, दंडही त्यांनाच ठरवू द्या, आणि तुम्ही मध्ये बोलू नका. हा सर्वांत अवघड भाग, विशेषतः शिक्षकांना. २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना टिकून राहिलेल्या सामायिक कुरणांत आणि कालव्यांत हेच दिसलं होतं: नियम वापरणाऱ्यांचे, राखणही त्यांचीच, पहिला दंड किरकोळ. आमच्या पोरांनी ठरवलं, पहिल्यांदा पाटीवर नुसतं नाव, दुसऱ्यांदा एक चिंचोका.

त्या फेऱ्यांत मी आत भांडी घासत होते, तरी दर वेळी वाट्याला अठरा-वीस येत होते. गोळ्या कमी पडल्या. मोठं पाकीट आणा.