बॉल पायथनच्या पेटीला ऊब कशी द्यावी

आधीच सांगते: भारतात नाग, धामण, अजगर पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे. हा लेख इंग्लंड-कॅनडासारख्या थंड देशात कायदेशीरपणे बॉल पायथन पाळणाऱ्यांसाठी.

बॉल पायथन म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला एक अजगर. पेटीच्या एका टोकाला त्याची बसायची जागा ३२ ते ३३ अंश सेल्सिअस हवी, दुसरं टोक २५ ते २७. रात्रीही पारा २४च्या खाली जाऊ देऊ नका.

पहिली पायरी, साधन निवडा. दिवसा हॅलोजन बल्ब मला सर्वांत पसंत आहे. त्याची उष्णता कातडीखालपर्यंत पोचते, उन्हासारखी. रात्री सिरॅमिक एमिटर (बल्बसारखा बसवायचा, फक्त उष्णता देणारा), कारण तो उजेड देत नाही; मात्र हवा कोरडी करतो, म्हणून आर्द्रतेवर लक्ष ठेवा. ६० टक्क्यांच्या आसपास असू द्या. दोन्हींना चिनी मातीचं होल्डर आणि बाहेरून जाळी हवीच. हीट मॅट, म्हणजे पेटीखाली ठेवायची विजेची चटई, फक्त जमीन तापवते, हवा नाही, त्यामुळे थंड घरात एकटी पुरत नाही. रात्रीसाठी म्हणून विकले जाणारे लाल बल्ब घेऊ नका. तापणारे दगड तर दुकानातच राहू द्या.

दुसरी पायरी, थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेलं तापमान गाठलं की हीटर आपोआप आवरणारं यंत्र. हॅलोजनला डिमिंगचा (वीज हळूहळू कमी-जास्त करणारा), सिरॅमिकला पल्सचा (वीज छोट्या झटक्यांनी देणारा), मॅटला साधा चालू-बंद होणारा चालतो. थर्मोस्टॅटशिवाय यातलं काहीही लावायचं नाही. ‘माझा साप मॅटवर आरामात बसतो, मग थर्मोस्टॅट कशाला?’ असं म्हणणारे भेटतात. साप पोट भाजत असतानाही तापलेल्या जागेवरून उठत नाही, एवढं त्यांनी ध्यानात घ्यावं.

तिसरी पायरी, प्रोब, म्हणजे थर्मोस्टॅटच्या वायरच्या टोकाचा तापमान मोजणारा भाग. मला सगळ्यात जास्त काळ छळलं ते यानेच, आणि याबद्दलच सर्वांत वाईट सल्ले मिळतात. थर्मोस्टॅटला पेटी दिसत नाही, त्याला फक्त प्रोबचं टोक कळतं. सोबत येणारा रबरी चोषक काचेला फार दिवस धरत नाही. रात्री साप नाकाने वायर ढकलतो, प्रोब थंड टोकाला जाऊन पडतो किंवा पाण्याच्या भांड्यात बुडतो. थर्मोस्टॅट वाचतो २२ अंश आणि हीटर पूर्ण जोरात सुरू ठेवतो. इकडे गरम टोकाची फरशी सापाला भाजण्याइतकी तापलेली असते.

म्हणून मॅट असेल तर प्रोब पेटीच्या बाहेर, मॅट आणि काच यांच्या मधे बसवा. तिथलं तापमान आतल्या फरशीपेक्षा काही अंशांनी जास्त असतं. पेटीत अंथरलेला भुसा बाजूला सारून उघडी काच टेम्परेचर गनने (दुरून तापमान मोजणाऱ्या उपकरणाने) मोजा आणि ती ३२ दाखवेपर्यंत थर्मोस्टॅटचा आकडा हळूहळू चढवा. भुशाच्या वरून मोजू नका. जाड थरातून ऊब वर येत नाही, आणि साप बिळात शिरावा तसा खाली उकरत थेट काचेवर जाऊन बसतो. मॅटवर भुशाचा थर पातळच ठेवा.

वरून तापवणारं साधन असेल तर प्रोब झोताखाली, सापाच्या पाठीच्या उंचीवर, लाकडी भिंतीला वायर-क्लिपने ठोकून टाका. पेटीच्या आत चिकटपट्टी कधीही वापरू नका. ती सुटते, सापाच्या खवल्यांना चिकटते आणि ओढून काढताना कातडी सोलून येते. तेलात भिजवलेला बोळा लावून सावकाश सोडवावी लागते.

काचेवर चिकटवायच्या गोल काट्याच्या थर्मामीटरवर विश्वास ठेवू नका. डिजिटल दोन घ्या, एक गरम टोकाला, एक थंड.

चौथी पायरी: जाळीचं झाकण असेल तर अर्ध्याहून अधिक झाका, दिव्याची जागा सोडून.

पाचवी: रिकामी पेटी भर दुपारी आणि पहाटेच्या थंडीत, दोन्ही वेळा मोजा. आकडे स्थिर झाले की मगच साप आत सोडा, आणि खायला त्यानंतर घाला. पोटात उंदीर असताना ऊब कमी पडली तर तो अर्धवट पचलेला उलटून टाकतो.