वॉल्व्ह स्प्रिंग बदलताना या चुका टाळा: मासेमारी बंदीत बोटीचं इंजिन खोलणाऱ्यांसाठी

नारळी पौर्णिमा होऊन आठवडाही झाला नव्हता. चुलत भावाची बोट बर्फ-डिझेल भरून हर्णैहून निघाली आणि चौथ्या तासाला इंजिन मिसिंग मारायला लागलं. एअर क्लीनरमधून फट्-फट् आवाज, वर टॅपेटची टकटक. दुसऱ्या बोटीने दोरी टाकून ओढून आणली. टॅपेट कव्हर काढलं तर तिसऱ्या सिलिंडरच्या इनटेक वॉल्व्हची (हवा आत घेणारा) बाहेरची, त्याला बंद धरणारी स्प्रिंग तुटून दोन तुकडे झालेले. आतली धाकटी स्प्रिंग शाबूत होती, म्हणून वॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडला नाही. पडला असता तर पिस्टन, हेड सगळंच गेलं असतं.

ती स्प्रिंग जूनमध्ये मीच परत बसवली होती. दादा तेव्हा म्हणाला होता, "चांगल्या दिसतायत की रे, कशाला बदलतोस?" मलाही चांगल्या दिसल्या.

तुटलेला तुकडा उन्हात धरून पाहिला. तुटल्या जागेचा बहुतेक भाग चकचकीत, पण कडेला मोहरीएवढा तपकिरी ठिपका. तिथे गंजाने खड्डा पाडला होता, खड्ड्यातून तडा निघाला आणि एक दिवस तार सुटली. आता हिशोब करा. फोर स्ट्रोक इंजिन १५०० आरपीएमवर चालत असेल तर प्रत्येक स्प्रिंग मिनिटाला ७५० वेळा दाबली जाते, म्हणजे तासाला ४५ हजार वेळा. दहा तासांच्या फेरीत साडेचार लाख. एवढ्या दाबण्या-सुटण्यात मोहरीएवढा खड्डा पुरतो.

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै बंदी. बोटी आंजर्ल्याच्या खाडीत नाहीतर किनाऱ्यावर ओढलेल्या, आणि इंजिन पावसाळी खारट हवेत गप्प उभं. बंद इंजिनातही एखादा वॉल्व्ह उघडा राहतोच. सायलेन्सरचं तोंड मोकळं असलं की त्या वाटेने ओल थेट सिलिंडरमध्ये आणि तिथून वॉल्व्हच्या दांडीपर्यंत पोचते. वर टॅपेट कव्हरखाली तेलाचा थर हळूहळू निथळून जातो आणि उघड्या पडलेल्या तारेवर दमट हवा गंज धरते. दोन महिने दाबून राहिली म्हणून स्प्रिंग बसते, म्हणजे ढिली पडते, असं बरेच मेस्त्री सांगतात. थंड इंजिनात तसं फारसं होत नाही. ती बसते ती गरम होऊन आणि वर्षानुवर्षं काम करून, त्यातही कूलिंगची वाट क्षाराने तुंबून इंजिन तापलं असेल तर लवकर. बंदीत तिला खातो तो गंज.

डोळ्याने पास करणे

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून तिच्यावर जास्त लिहितो. स्प्रिंग डिझेलमध्ये धुवा, कोरडी करा आणि उजेडात प्रत्येक वेढा फिरवून बघा. नुसता लालसर डाग बोटाने पुसला जात असेल तर ठीक. नखाला खड्डा लागला तर ती भंगारात. एमरी मारून किंवा वायर ब्रशच्या चाकावर घासून गंज काढू नका. गंज जातो, खड्डा राहतो आणि वर नवे ओरखडे पडतात.

पुढे तीन मापं. पहिलं, मोकळी लांबी: व्हर्नियरने मोजायची आणि इंजिनच्या पुस्तकातल्या मर्यादेशी ताडायची. दुसरं, सरळपणा: स्प्रिंग सपाट काचेवर उभी करायची, बाजूला गुण्या (काटकोन) लावायचा आणि स्प्रिंग हळूहळू फिरवायची. वरच्या टोकाशी दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर स्प्रिंग वाकडी. वाकडी स्प्रिंग वॉल्व्हची दांडी एका बाजूला रेटते आणि गाईड, म्हणजे दांडी ज्या नळीत सरकते ती, लंबगोल करते.

तिसरं माप म्हणजे ताण, आणि ते जवळजवळ कुणीच घेत नाही. मशीन नसलं तरी जमतं. नवी आणि जुनी स्प्रिंग टोकाला टोक लावून, मध्ये सपाट वायसर ठेवून व्हाइसमध्ये धरा. दोन्हींच्या पोकळीतून लांब बोल्ट घाला, नाहीतर उडून कपाळात बसेल. आता व्हाइस आवळा. जी जास्त दबली ती मऊ. नेमका आकडा हवा असेल तर मासळी तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा ड्रिल मशीनच्या टेबलावर ठेवा, त्यावर स्प्रिंग, आणि बंद मशीनच्या चकमधल्या सपाट दांड्याने पुस्तकात दिलेल्या लांबीपर्यंत दाबा. काटा किलो सांगतो. काट्यावर आधी जाड लोखंडी पट्टी ठेवा, नाहीतर वरचा पत्रा खचेल आणि घरात बोलणी बसतील.

एक मऊ निघाली तर? एकटी बदलू नका, सगळा सेट बदला. सगळ्यांनी तेवढेच तास काढलेत.

"तीच आहे" म्हणून ट्रकची स्प्रिंग घेणे

लांबी जुळली, व्यास जुळला, दुकानदार म्हणाला हीच चालते. तारेची जाडी मोजली का? स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. ४ मिलिमीटरच्या जागी ४.२ ची तार आली तर डोळ्याला फरक कळत नाही, पण स्प्रिंग सुमारे २१ टक्के कडक होते. वेढा एक कमी असला तर आणखी कडक. कडक म्हणजे मजबूत असं आपल्याकडे पटकन मानतात. सावकाश फिरणाऱ्या बोटीच्या डिझेलला त्याचा फायदा काहीच नाही, उलट कॅमशाफ्ट आणि टॅपेट घासून जातात.

वॉल्व्ह घासला, पण उंची मोजली नाही

इंजिनच्या बांधणीत सीट (वॉल्व्ह टेकतो ती कड) कापतात, वॉल्व्ह घासतात. वॉल्व्ह जितका हेडमध्ये आत जातो तितकी त्याची दांडी रॉकरच्या (वॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्याच्या) बाजूला वर येते आणि तिच्यासोबत स्प्रिंगची वरची कॅपही वर जाते. स्प्रिंगला जागा जास्त मिळते, ताण कमी होतो. नवी कोरी स्प्रिंगसुद्धा मग ढिली लागते, आणि दोष स्प्रिंगवाल्याच्या माथी.

म्हणून स्प्रिंग न घालता वॉल्व्ह, कॅप आणि लॉक (कॅप दांडीला धरून ठेवणाऱ्या छोट्या पाचरी) बसवा, कॅप हाताने वर ओढून धरा आणि खालच्या बैठकीपासून कॅपच्या खालच्या बाजूपर्यंत माप घ्या. पुस्तकापेक्षा जितकं जास्त, तितक्या जाडीची शिम (पातळ चकती) स्प्रिंगखाली. मात्र शिम घालत सुटू नका. वॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर वेढे एकमेकांना टेकता कामा नयेत, सगळ्या फटी मिळून निदान दीड मिलिमीटर तरी जागा हवी. टेकले की पुशरॉड (रॉकरला खालून ढकलणारा दांडा) वाकतो. आणि वॉल्व्ह ठरलेल्या मर्यादेपलीकडे आत गेला असेल तर शिम हा इलाजच नाही. डिझेलमध्ये त्याने कॉम्प्रेशनही उतरतं. तिथे नवी सीट बसवून घ्या, लेथवाल्याचे पैसे जाऊ देत.

बसवतानाची घाई

काही स्प्रिंगांचे वेढे एका टोकाला दाट, दुसऱ्याला विरळ असतात. दाट बाजू हेडकडे, म्हणजे खाली. उलटी लावली तर हलणारं वजन वाढतं. दुहेरी स्प्रिंगेत आतली आणि बाहेरची उलट-सुलट पिळाच्या असायला हव्यात, नाहीतर वेढे एकमेकांत अडकतात. दोन्ही एकाच पिळाच्या आल्या तर दुकानात परत.

पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर लावून स्प्रिंग दाबू नका. पकडीच्या दातांचा ओरखडा गंजाच्या खड्ड्याइतकाच वाईट. स्प्रिंग दाबायचा वॉल्व्ह लिफ्टर भाड्याने मिळतो. लॉक ग्रीसने दांडीला चिकटवा, आणि हेड इंजिनवर असेल तर पुशरॉडची भोकं आधी चिंध्यांनी बुजवा. खाली तेलाच्या चेंबरमध्ये पडलेलं लॉक शोधायला एक अख्खी दुपार गेली आहे माझी. बसवून झालं की दांडीच्या टोकावर कापड टाकून लाकडी हातोडीने हलका ठोका द्या. लॉक नीट बसलं नसेल तर तेव्हाच उडेल, दर्यात नाही.

वॉल्व्ह ज्या सिलिंडरचा त्याच सिलिंडरला जायला हवा. मी एकदा मासळीच्या थर्माकोल पेटीच्या झाकणाला भोकं पाडून वॉल्व्ह ओळीने खोचले आणि वरून पेट्रोलने धुवायला घेतले. थर्माकोल विरघळून सगळे वॉल्व्ह एका चिकट ढिगात. पुठ्ठा घ्या.

हेड न उतरवता एखादी स्प्रिंग बदलायची असेल तर आधी बॅटरीची वायर सोडा, मग तो पिस्टन अगदी वर आणा. डिझेलमध्ये वर आलेला पिस्टन आणि वॉल्व्ह यांच्यात जागा थोडी असते, त्यामुळे वॉल्व्ह पिस्टनवर टेकतो, आत पडत नाही. नेहमीच्या सहा सिलिंडरच्या इंजिनात १-६, २-५, ३-४ अशा जोड्या एकत्र वर येतात, तेवढंच फिरवणं वाचतं. वॉल्व्ह सुटा असताना मात्र फ्लायव्हीलला कुणी हात लावायचा नाही.

बोट पाण्यात उतरवण्याआधी

टॅपेटचा गॅप (रॉकर आणि वॉल्व्हची दांडी यांतली फट) नव्याने लावा, इंजिनच्या पाटीवर आहे तोच. पंचवीस-तीस तास चालल्यावर परत तपासा, कारण नवे घासलेले वॉल्व्ह थोडे बसतात.

पुढच्या बंदीला बोट ओढली की टॅपेट कव्हर काढून स्प्रिंगांवर हाताने तेल सोडा, आठवड्याला इंजिन दोन फेरे हाताने फिरवा आणि सायलेन्सरच्या तोंडात कापड गुंडाळलेलं लाकडी बूच ठोका. बूच ठोकलं की त्याच वेळी सुकाणूच्या चाकाला लाल फडकं बांधायचं. आमच्याकडे एक ऑगस्ट बूच तसंच ठेवून स्टार्टर मारण्यात गेला आहे.