व्हिडिओवरून 'आर' शिकताना हात कीबोर्डवर ठेवा

संख्याशास्त्रासाठी 'आर' ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायची तर क्लासची फी भरायची गरज नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे छोटे धडे आणि एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरची व्याख्यानं फुकट आहेत. 'आर' आणि ती लिहून चालवायचं आरस्टुडिओ हे सॉफ्टवेअरही फुकटच.

पण नुसतं बघत बसलात तर सगळं समजल्यासारखं वाटतं आणि रिकाम्या स्क्रीनसमोर काहीच सुचत नाही. म्हणून अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ, अर्ध्यावर आरस्टुडिओ. प्रत्येक ओळ चालवण्याआधी व्हिडिओ थांबवा, उत्तर काय येईल याचा अंदाज बांधा आणि मग स्वतः टाइप करा. कॉपी-पेस्ट नको, कंस आणि स्वल्पविराम चुकल्याशिवाय एरर वाचायची सवय लागत नाही.

सरावाला 'आर'मध्येच असलेला 'एअरक्वालिटी' हा डेटा घ्या. न्यूयॉर्कच्या हवेच्या, मे ते सप्टेंबर 1973 मधल्या 153 दिवसांच्या नोंदी. ओझोनची सरासरी काढा: उत्तर 'एनए' (म्हणजे नोंद उपलब्ध नाही) येईल, कारण 37 दिवसांची नोंदच नाही. सरासरीच्या फंक्शनमध्ये 'एनए डॉट आरएम' (na.rm, म्हणजे रिकाम्या नोंदी वगळा) हा पर्याय ट्रू केला की आकडा मिळतो. खऱ्या डेटात असल्या रिकाम्या जागा सर्रास असतात. धड्यांतला डेटा बहुधा संशयास्पदरीत्या नीटनेटका असतो.

व्हिडिओची तारीखही बघा. 2020 मध्ये 'आर'ची 4.0.0 आवृत्ती आली, तेव्हापासून फाइल वाचताना मजकुराचे रकाने आपोआप 'फॅक्टर' (ठरावीक गटांचा डेटा प्रकार) होत नाहीत. त्याआधीचा धडा असेल तर तुमचं आउटपुट वेगळं दिसू शकतं. अशा वेळी कन्सोलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) प्रश्नचिन्ह लिहून पुढे फंक्शनचं नाव टाका, मदतीचं पान उघडेल.